साध्या मजकुरातल्या खुणा

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अक्षरांखेरीज काहीही नसते. कोणता शब्द ठळक, कोणती ओळ शीर्षकाची, अक्षर किती मोठे, हे तिच्यात कुठेच नोंदलेले नसते. संगणकाच्या लेखी ती नुसती आकड्यांची रांग असते. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५, पाय मोडण्याच्या खुणेला २३८१, ‘ष’ला २३५९ आणि ‘ण’ला २३३९ हे क्रमांक दिलेले आहेत, हे चार क्रमांक ओळीने आले की पडद्यावर ‘क्षण’ उमटतो. अशी फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडते, मॅकवर आणि लिनक्सवर उघडते, फोनवरही उघडते. ती कोणत्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली याच्याशी उघडणाऱ्याला काही देणेघेणे नसते.

पण लेखाचे, अहवालाचे किंवा पुस्तकाचे नुसत्या अक्षरांवर भागत नाही. त्यात प्रकरणे असतात, उपशीर्षके, अवतरणे, याद्या आणि तळटिपा असतात. वर्डसारखी सॉफ्टवेअर ही माहिती मजकुराबरोबर, पण नजरेआड साठवतात. २००७ सालापासून वर्ड ज्या प्रकारची फाइल तयार करते ती प्रत्यक्षात अनेक छोट्या फाइलींचे दाबून बांधलेले गाठोडे असते. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर वाचण्याजोगे काहीच हाती लागत नाही.

या दोहोंच्या मधली वाट म्हणजे हलक्या मार्कअप भाषा. मजकूर साधाच ठेवायचा आणि त्याची रचना सांगण्यासाठी कीबोर्डवरच्याच काही चिन्हांचा ठरावीक रीतीने वापर करायचा, एवढीच त्यांची कल्पना. खुणा मजकुरातच असतात, डोळ्यांना दिसतात, आणि मजकूर वाचताना आड येत नाहीत. अशा भाषा अनेक आहेत. त्यांतली सर्वांत जास्त पसरलेली भाषा म्हणजे मार्कडाउन. एखाद्या वाचनालयाची सूचना मार्कडाउनमध्ये अशी लिहिली जाईल:

# वाचनालयाची वार्षिक सभा

सभा रविवारी सकाळी दहा वाजता सुरू होईल.

## सभेपुढील विषय

- मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे
- जमाखर्चास मंजुरी देणे
- दिवाळी अंकांची खरेदी

> सभासदांनी ओळखपत्र सोबत आणावे.

मार्कडाउन ज्याने कधी पाहिली नाही त्यालाही ही सूचना वाचता येते. ओळीच्या सुरुवातीचा एक हॅश म्हणजे मुख्य शीर्षक, दोन म्हणजे उपशीर्षक; अशा सहा पातळ्यांपर्यंत जाता येते. शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या घातल्या की ते ठळक होतात, एकेक घातली की तिरपे. ओळीआधीचा आडवा डॅश म्हणजे यादीतला मुद्दा आणि ‘पेक्षा मोठे’ हे गणितातले चिन्ह म्हणजे अवतरण. दुवा द्यायचा तर दिसणारे शब्द चौकटी कंसात आणि त्याला लागूनच पत्ता गोल कंसात लिहायचा. त्याआधी उद्गारचिन्ह टाकले की तिथे चित्र येते. परिच्छेद वेगळा करायला मध्ये एक रिकामी ओळ पुरते. मूळ नियमांचा मोठा भाग एवढ्यात संपतो.

लिहून झाले की रूपांतर करणारा प्रोग्राम हा मजकूर वाचतो, खुणा ओळखून काढून टाकतो आणि त्यांच्या जागी वेबपानाच्या एचटीएमएल या भाषेतल्या खुणा घालतो. हॅश असलेली ओळ शीर्षक होते. ते शीर्षक किती मोठे दिसावे, कोणत्या रंगात दिसावे, हे मात्र मार्कडाउन सांगत नाही. ते काम पुढच्या टप्प्यावर, वेगळ्या जागी होते. लेखकाने ‘हे शीर्षक आहे’ एवढे सांगायचे, त्याचे रूप मांडणी करणाऱ्याने ठरवायचे. हीच वाटणी या पद्धतीचे खरे बळ आहे, कारण एकदा लिहिलेला मजकूर हात न लावता वेबपानावर, ई-पुस्तकात आणि कागदावर वेगवेगळ्या वेषात जाऊ शकतो.

ही वाटणी छापखान्यांना जुनीच आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्याआधी संपादक त्यावर सूचना लिहीत असे: हा मथळा मोठ्या टाइपात, हा शब्द ठळक, हा उतारा दोन्ही बाजूंनी आत. जुळारी त्या सूचना पाळून खिळे जुळवी; सूचना स्वतः छापल्या जात नसत. संगणकावर मजकूर येऊ लागला तेव्हा या सूचना मजकुरातच टाइप करण्याची सोय शोधली गेली. १९६४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेरोम सॉल्टझर यांनी ‘रनऑफ’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यात टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे सूचना आणि बाकीचा मजकूर, असा नियम होता. बेल लॅब्जमधल्या युनिक्सवर याच घराण्यातले ‘रॉफ’ आणि ‘ट्रॉफ’ आले.

या सुरुवातीच्या सूचना बहुतेक दिसण्याविषयी होत्या: इथे ओळ सोडा, इथे समास वाढवा. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी १९६९ साली वेगळी दिशा धरली. मजकुराचा प्रत्येक तुकडा काय आहे ते सांगायचे, तो कसा दिसतो ते नाही. त्यांच्या कामातून पुढे १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याच्या धर्तीवर टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी एचटीएमएल तयार केली. गणिताच्या छपाईत डोनल्ड कनुथ यांची ‘टेक’ ही प्रणाली १९७८ पासून वापरात आली. आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांना इतकी निकृष्ट वाटली की त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच स्वतः बांधली, आणि आजही गणिताचे शोधनिबंध मोठ्या प्रमाणावर तिच्यातच छापले जातात.

या भाषा ताकदीच्या आहेत, पण त्यांत लिहिलेला मजकूर डोळ्यांना थकवतो. एचटीएमएलमध्ये तीन मुद्द्यांची यादी करायची तर कोनी कंसातल्या आठ खुणा लागतात: तीन मुद्द्यांच्या आरंभाच्या तीन, शेवटाच्या तीन आणि सबंध यादीच्या दोन. मुद्दे जेमतेम दोन-दोन शब्दांचे असले तर खुणाच मजकुराहून लांब होतात. लिहिताना वाक्याचा सूर जुळवणाऱ्या माणसासाठी हा मोठाच अडथळा आहे.

त्यातून सुटण्याची वाट कोणा तज्ज्ञाने आखली नव्हती. ती ईमेल लिहिणाऱ्यांनी आपसूक पाडली होती. सुरुवातीच्या ईमेलमध्ये ठळक किंवा तिरपे अक्षर पाठवताच येत नसे. तेव्हा लोक जोर द्यायच्या शब्दाभोवती चांदण्या घालू लागले, अधोरेखनासाठी शब्दाच्या मागेपुढे अंडरस्कोर टाकू लागले, शीर्षकाखाली बरोबरीच्या चिन्हांची ओळ ओढू लागले. उत्तर देताना समोरच्याच्या ओळींआधी ‘पेक्षा मोठे’ चिन्ह आपोआप लागत असे. या सवयींना पहिले शिस्तीचे रूप १९९२ साली इयन फेल्डमन यांनी ‘सेटेक्स्ट’ या पद्धतीत दिले, आणि मॅक संगणकांविषयीच्या ‘टिडबिट्स’ या ईमेलने जाणाऱ्या साप्ताहिकाने ती वापरली. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली आणि वाचकालाच पान दुरुस्त करता येईल अशी सोप्या खुणांची भाषा तिच्याबरोबर आली. २००२ च्या सुमारास डीन ॲलन यांची ‘टेक्स्टाइल’, डेव्हिड गुडजर यांची ‘रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट’ आणि स्टुअर्ट रॅकहॅम यांची ‘आस्कीडॉक’ अशा तीन भाषा जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या.

मार्कडाउन २००४ साली जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केली. तिच्या मांडणीत आरन स्वार्ट्झ या सतरा वर्षांच्या मुलाचा मोठा हात होता. शीर्षकाआधी हॅश लिहिण्याची रीत त्याच्याच ‘एटीएक्स’ या आधीच्या प्रयोगातून आली. ग्रुबर यांनी सगळ्यांत वर ठेवलेला निकष असा होता, की रूपांतर न करताही मजकूर जसाच्या तसा वाचता आला पाहिजे. त्या वेळच्या इतर भाषांमध्ये मार्कडाउनहून जास्त सोयी होत्या. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये तर मोठ्या ग्रंथाला लागणारे जवळजवळ सारे होते. तरीही पसरली ती मार्कडाउन, कारण तिच्यात शिकण्यासारखे फार थोडे होते आणि जे होते ते लोकांना ईमेलमधून आधीच ठाऊक होते.

ग्रुबर यांनी पर्ल भाषेतला एक प्रोग्राम आणि नियमांचे सोप्या शब्दांतले वर्णन दिले, पण काटेकोर व्याख्या दिली नाही. यादीच्या आत यादी घालताना किती जागा सोडायची, चांदण्या एकमेकींत गुंतल्या तर कोणती कुठे संपते, अशा कोपऱ्यांत वर्णन गप्प होते. प्रत्येक नव्या प्रोग्रामने आपापला अर्थ लावला. मिशेल फोर्टिन यांनी आपल्या विस्तारात तक्ते आणि तळटिपा आणल्या; २००८ साली सुरू झालेल्या गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाने आपली वेगळी धाटणी काढली. एकच फाइल दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसू लागली. २०१४ साली जॉन मॅकफार्लेन आणि स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाचे सहसंस्थापक जेफ ॲटवूड यांच्यासह काही जणांनी काटेकोर नियमावली तयार केली. तिचे आधीचे नाव ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ होते. ग्रुबर यांनी हरकत घेतल्यावर ते ‘कॉमनमार्क’ असे बदलले. मॅकफार्लेन हे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांच्या नियमावलीत सहाशेहून अधिक उदाहरणे आहेत आणि प्रत्येकाचे नेमके उत्तर दिलेले आहे. गिटहबने २०१७ साली आपली धाटणी कॉमनमार्कवर आधारून घेतली.

बहुतेक मराठी वाचकांच्या हातात मात्र ही पद्धत व्हॉट्सॲपमधून आली. २०१६ पासून तिथे शब्दाभोवती चांदण्या घातल्या की तो ठळक, अंडरस्कोर घातले की तिरपा आणि लाटेसारखी रेघ घातली की खोडलेला दिसतो. २०२४ साली याद्या आणि अवतरणेही आली. पण व्हॉट्सॲपचे नियम म्हणजे मार्कडाउन नव्हे. तिथे ठळक अक्षराला एकच चांदणी लागते. मार्कडाउनमध्ये एका चांदणीने शब्द तिरपा होतो आणि ठळक करायला दोन लागतात. अलीकडे एआय चॅटबॉटकडून घेतलेला मजकूर पत्रात किंवा गटावर चिकटवला की शब्दांच्या मागेपुढे चांदण्या आणि ओळींआधी हॅश उरलेले दिसतात. त्याचे कारण साधे आहे. चॅटबॉट बहुधा मार्कडाउनमध्ये उत्तर देतात, त्यांचा स्वतःचा पडदा त्या खुणांचे रूपांतर करून दाखवतो, आणि जिथे मजकूर चिकटवला तिथे ते रूपांतर करणारे कोणी नसते. त्या खुणा चूक नव्हेत; मजकुराची रचना त्यांत आहे, फक्त ती वाचणारा प्रोग्राम हवा.

साधा मजकूर ही गोष्ट मराठीला फार उशिरा मिळाली, आणि म्हणून तिची किंमत मराठी लिहिणाऱ्याने अधिक जाणावी अशी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या दोन दशकांत मराठी पुस्तके, दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत जुळवली जात. या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग असे, आणि तो विशिष्ट फॉन्ट चढवला की ती मराठी भासे. फॉन्ट नसला की मजकूर गेला. शोध घेता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, एका छापखान्याची फाइल दुसऱ्याकडे उघडेलच याची खात्री नसे. खरे तर मजकुरासाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९८८ मध्येच आकाराला आले होते आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ते स्वीकारले. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. पण अक्षरजुळणीचा व्यवसाय फॉन्टांच्या वाटेने गेला. त्या काळातली असंख्य पुस्तके आज छापील प्रतींवरून पुन्हा टाइप करावी लागतात किंवा फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्राममधून काढून शब्दशः तपासावी लागतात. युनिकोडमधली साधी फाइल आणि तिच्यातल्या उघड्या खुणा यांना असा धोका नाही.

मात्र मार्कडाउनचे नियम इंग्रजी लिहिणाऱ्या हातांनी घडवले, आणि मराठीत लिहिताना ते काही ठिकाणी टोचतात. पहिली अडचण कीबोर्डवरच येते. भारत सरकारने प्रमाण मानलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आठच्या आकड्यावर, जिथे इंग्रजीत चांदणी असते, तिथे ‘श्र’ आहे. तीनवरच्या हॅशच्या जागी व्यंजनाला खालून ‘र’ जोडण्याची खूण, चौकटी कंसाच्या जागी ‘ड’, आणि ‘पेक्षा मोठे’ चिन्हाच्या जागी दंड. देवनागरीची जोडाक्षरे बसवायला ही मांडणी उत्तम आहे, पण मार्कडाउनच्या जवळजवळ प्रत्येक खुणेसाठी इंग्रजी कीबोर्डावर जाऊन परत यावे लागते. उच्चाराप्रमाणे टाइप करण्याच्या पद्धतींत आणि फोनवर ही अडचण कमी जाणवते.

दुसरी अडचण आकड्यांची. क्रमांकित यादीसाठी कॉमनमार्क फक्त इंग्रजी आकडे ओळखते. ‘1.’ लिहिले तर यादी सुरू होते; ‘१.’ लिहिले तर प्रोग्रामला ते साधे अक्षर वाटते आणि ‘१.’, ‘२.’, ‘३.’ अशा ओळी एकाच परिच्छेदात एकापुढे एक जाऊन बसतात. उपाय असा, की फाइलमध्ये इंग्रजी आकडे लिहावेत आणि वेबपानाच्या सजावटीच्या नियमांत क्रमांक देवनागरीत दाखवायला सांगावे. सीएसएस या त्या नियमांच्या भाषेत तशी सोय आहे. याच नियमाची उलट बाजूही आहे. एखाद्या परिच्छेदाच्या आरंभी ‘1960.’ हा आकडा एकटा आला, तर मार्कडाउन त्यालाही यादीचा क्रमांक समजते; टिंबाआधी उलटी तिरकी रेघ टाकून ते टाळावे लागते. ‘१९६०.’ लिहिणाऱ्याला हा त्रास नाही.

कविता टाइप करताना आणखी एक गोष्ट कळते. परिच्छेदाच्या आत नुसता एंटर दाबला तर मार्कडाउन तो मानत नाही, आणि अभंगाचे चारही चरण एका ओळीत येतात. ओळ खरोखर मोडायची तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या असतात. मार्कडाउनमधला हा सर्वांत फसलेला नियम म्हणावा लागेल, कारण जिचा सारा भर खुणा डोळ्यांना दिसण्यावर आहे तिने इथे न दिसणारी खूण निवडली. कॉमनमार्कने ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ देण्याची सोय ठेवली आहे. कवितांसाठी तीच वापरणे शहाणपणाचे. गद्यात मात्र हाच नियम उपयोगी पडतो. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिले तरी छापताना परिच्छेद सलगच राहतो, आणि लेखाचे दोन खर्डे संगणकाकडून ताडून पाहताना कोणते वाक्य बदलले ते नेमके कळते.

तिरप्या अक्षरांची तर देवनागरीला परंपराच नाही. लॅटिन लिपीत तिरपे अक्षर स्वतंत्रपणे आखलेले असते आणि ग्रंथनामांसाठी, परक्या शब्दांसाठी त्याचा रूढ उपयोग आहे. बहुतेक देवनागरी फॉन्टांत तसा अवतार नसतो, म्हणून ब्राउझर उभे अक्षरच यंत्रवत कलते करून दाखवतो. शिरोरेषा आणि काने त्यात विद्रूप दिसतात. मराठी छपाईने जोर देण्यासाठी ठळक टाइप आणि ग्रंथनामांसाठी एकेरी अवतरणचिन्हे ही रीत घडवली आहे. मार्कडाउनमध्ये लिहितानाही तीच पाळावी, एकेरी चांदणीच्या वाटेला जाऊ नये.

पण सर्वांत खोल अडचण विभक्तिप्रत्ययांची आहे. इंग्रजीत शब्द संपला की मोकळी जागा किंवा विरामचिन्ह येते. मराठीत शब्दाला ‘ला’, ‘चा’, ‘मधील’ चिकटतात, आणि जोर शब्दावर द्यायचा असतो, प्रत्ययावर नाही. कॉमनमार्कमध्ये **मराठी**ला असे लिहिले तर ‘मराठी’ ठळक होते, ‘ला’ साधा राहतो. पण चांदणीऐवजी अंडरस्कोर वापरून _मराठी_ला लिहिले तर काहीच घडत नाही. प्रोग्रामरांच्या नावांत शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर सारखे येतात, म्हणून अक्षरांच्या मधोमध आलेला अंडरस्कोर खूण म्हणून मानायचाच नाही असे ठरवले गेले. आणि चांदण्यांचाही भरवसा नेहमी धरता येत नाही. **‘श्यामची आई’**मधील असे लिहिले तर ठळक अक्षरे येत नाहीत, चारही चांदण्या पानावर तशाच उरतात. नियम असा आहे, की बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल तर त्यांच्यापुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवे. इथे अवतरणचिन्हानंतर चांदण्या आणि लगेच ‘म’ आला, म्हणून त्या बंद करणाऱ्या मानल्या जात नाहीत. इंग्रजीत असा प्रसंग क्वचित येतो. मराठीत ग्रंथाच्या प्रत्येक उल्लेखाला येतो. चांदण्या अवतरणचिन्हांच्या आत घेतल्या, म्हणजे ‘**श्यामची आई**’मधील असे लिहिले, तर प्रश्न सुटतो.

प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते तेव्हा आणखी पेच पडतो. **महाराष्ट्र**ातील असे लिहिले तर काना ठळक भागाच्या बाहेर एकटा पडतो. मागच्या व्यंजनाशी त्याचा सांधा तुटला की पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लागलेला काना दिसू शकतो. अशा ठिकाणी सबंध शब्दच ठळक करणे बरे. हा पेच सोडवता येत नाही असे मात्र नाही. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की त्याचा दुवा होतो, आणि तिथे लेखक [[महाराष्ट्र]]ातील असे सर्रास लिहितात. कंसाबाहेर पडलेला काना आणि प्रत्यय आपसूक दुव्यात ओढले जातात, आणि वाचकाला ‘महाराष्ट्रातील’ असा अखंड शब्द दिसतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या मराठी नियमांत देवनागरी अक्षरांची आणि मात्रांची नोंद करून ठेवल्यामुळे हे घडते. कोणीतरी मराठीची गरज ओळखून ती एक ओळ लिहिली, म्हणून लाखो दुवे सुरळीत दिसतात.

लिहून झालेली फाइल पुढे नेण्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ‘पँडॉक’. मॅकफार्लेन यांनीच २००६ साली ते प्रसिद्ध केले आणि ते विनामूल्य आहे. मार्कडाउनची एकच फाइल ते वेबपानात, वर्डच्या फाइलीत, ई-पुस्तकात किंवा पीडीएफमध्ये बदलून देते, आणि वर्डच्या फाइलीतून मार्कडाउनमध्येही आणते. त्याच्या धाटणीत तळटिपांची चांगली सोय आहे: मजकुरात चौकटी कंसात टीप ओळखण्याची खूण लिहायची आणि टीप खाली कुठेही द्यायची, क्रम ते स्वतः लावते. मराठी पीडीएफ करताना एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते, की पँडॉकची नेहमीची वाट ‘टेक’च्या घराण्यातून जाते आणि तिथे देवनागरीसाठी ‘झीटेक’ किंवा ‘लुआटेक’ हे युनिकोड जाणणारे प्रोग्राम निवडून देवनागरी फॉन्टचे नाव द्यावे लागते. ते दिले नाही तर पाने कोरी निघतात किंवा जोडाक्षरे तुटतात. मूळ फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली असावी. आजची बहुतेक साधने, २०१९ पासूनचे विंडोजचे नोटपॅडसुद्धा, आपणहून तसेच करतात.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. लग्नपत्रिका, वर्तमानपत्राचे आठ स्तंभांचे पान, चित्रांभोवती वळणारा मजकूर, एकमेकांत मिसळलेल्या चौकटींचा तक्ता, यांसाठी मार्कडाउनकडे खुणाच नाहीत. ओळ पानाच्या मध्यावर आणण्याचीही खूण नाही. तिथे पानांची मांडणी करणारी सॉफ्टवेअरच हवीत. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये जाणारा मजकूर आधी साध्या फाइलमध्ये लिहिता येतो, त्याचे मुद्रितशोधन तिथेच होऊ शकते, आणि पँडॉकमधून वर्डची फाइल करून दिली तर प्रत्येक शीर्षक, उपशीर्षक आणि अवतरण आपापल्या नावाच्या शैलीसह मांडणीकाराकडे पोचते. त्याला लेख पुन्हा वाचून शीर्षके शोधत बसावे लागत नाही. एकेका शैलीला फॉन्ट आणि आकार दिला की पान उभे राहते.